म्हातारीच्या गावाचा नवस

९ फेब्रुवारी

चि. प्रियदर्शिनीस,

पाकीट पाहून तू आधी घाबरशील, की कुणी गेलं की काय. कुणी गेलेलं नाही. मी ठणठणीत आहे आणि संतापलेली आहे.

परवाच्या कॉलवर तू मला 'मॅडम' म्हणालीस. सगळ्या वाडीसमोर. 'थँक यू मॅडम, दॅट वॉज लव्हली.' फोन धरून सारिका उभी होती, तुझ्या भिकाजीकाकांची सून. तिनं माझ्या कानाशी विचारलं, "काकी, ही आपली प्रियाताईच ना हो?" मी म्हटलं, "दिसते तर तशीच."

थोडी उजळणी करते, म्हणजे पुढे तुला नाकारता येणार नाही. तू लिस्बनमध्ये लग्न केलंस आणि मला ते सारिकाच्या फोनवरच्या फोटोवरून कळलं. मी तुला म्हटलं, पुन्हा फोन करू नकोस. तू केला नाहीस. लहानपणी साधं 'केस विंचर' म्हटलं तरी न ऐकणारी मुलगी इतकी आज्ञाधारक कधी झाली, हा माझा प्रश्न आहे. आणि मग गेल्या दिवाळीत ग्रामपंचायतीला तुझ्या संस्थेचा ईमेल. पोर्तुगालच्या उत्तरेकडचं एक डोंगरी गाव आणि कोकणातलं एक डोंगरी गाव इंटरनेटवरून जोडायचं. त्यांचा कार्निव्हल आपण बघायचा, आपला शिमगा त्यांनी. अख्ख्या कोकणात तुला पोलादपूरच्या डोंगरातली हीच वाडी सापडली. भिकाजींनी तो ईमेल ग्रामसभेत दोनदा वाचला आणि शेवटी म्हणाले, "इंग्रजीचं वैनी बघतील."

मला कुणी विचारलं नाही. वाडीत इंग्रजी येणारी मी एकटी, एवढाच माझा अपराध. शिपिंग कंपनीत आयुष्यभर साहेबांची वाक्यं शॉर्टहँडमध्ये घेतली, आता निवृत्तीनंतर पोर्तुगालची घेते. तिकडची मास्तरीण पोर्तुगीजचं इंग्रजी करते, इकडे मी इंग्रजीचं मराठी करते, आणि मधल्या चौकटीत तू बसतेस, जिला तिन्ही भाषा येतात आणि जी तोंड उघडत नाही. समन्वयकानं भाषांतर करायचं नसतं म्हणे. चांगला नियम आहे. कुणी केला?

शिवाय रेंज येते ती फक्त सहाणेवर. शिमग्यात ग्रामदेवी सोमजाईची पालखी जिथे बसते त्या चौथऱ्यावर. म्हणजे तुझ्याशी एक शब्द बोलायचा तर तो सगळ्या वाडीच्या कानांतून जाणार. म्हणून हे पत्र. पोलादपूरला जाऊन स्वतः पोस्टात टाकणार आहे.

आता मुद्दा. एप्रिलपासून मला पाचगणीला खोली मिळते आहे. माझ्या शाळेच्या सिस्टर लोकांनी म्हाताऱ्या बायकांसाठी घर काढलंय. खिडकी, गरम पाणी, वाचनालय. तुझ्या बाबांनी मुलुंडचा फ्लॅट विकून इथे हौसेनं घर बांधलं आणि दोन पावसाळे काढून ते वारले. मी त्यांच्या हौसेत राहते आहे. घर सामाईक जमिनीवर, विकता येत नाही. रात्री दिवा जरा जास्त वेळ जळला तर सकाळी शेजारची चंद्राबाई विचारायला हजर, "झोप नाय लागली का गो?" इथे माझ्यावर कुणी अन्याय करत नाही. सगळे माझी काळजी घेतात. तुला कळतंय का मी काय म्हणते ते?

तेव्हा शिमग्यानंतर भाषांतराची दुसरी व्यवस्था कर.

आई


५ मार्च

चि. प्रियदर्शिनीस,

'पत्र मिळालं.' सारिकाच्या फोनवर दोन शब्द. मी चार पानं लिहिली होती.

कालचा तुमचा कार्निव्हल वाडीनं जेवणं टाकून पाहिला. रंगीत झालरींचे अंगरखे, पत्र्याचे लाल मुखवटे, कमरेला गुरांच्या घंटा. ते पोरगे धावत येऊन बायकांच्या कमरेशी घंटा आपटत होते आणि बायका किंचाळून हसत होत्या. आपली माणसं खूश. कुशाबा म्हणाला, "आरं, ही तर आपलीच सोंगं! पांढऱ्या कातडीची!" मी याचं भाषांतर 'अवर ट्रॅडिशन्स आर सिमिलर' असं केलं. तुझ्या ओठाचा कोपरा हलला. मी पाहिलं.

मग त्यांच्या गावातली ती म्हातारी, एर्मेलिंदा. काळा झगा, काळा रुमाल, तोंडात दात थोडे आणि बोलणं तोंडभर. तिच्याजवळून ती घंटावाली पोरं नुसती निघून गेली. राहीबाईनं विचारायला लावलं, "हिला का सोडली?" मास्तरणीनं सांगितलं, की विधवा आहे, काळं नेसलेल्या बाईला घंटा लावत नाहीत. नवरा गेल्यापासून एकदाही नाही.

इकडे बायकांपैकी कुणीच माझ्याकडे पाहिलं नाही. न पाहण्याचं इतकं जोरदार काम मी क्वचितच पाहिलंय.

एर्मेलिंदाचे डोळे मात्र चांगले आहेत. तिनं विचारलं, "आणि तुम्ही तिकडे खांबाजवळ लांब का उभ्या? बाकीच्या बायका चौथऱ्यावर आहेत." काल सहाण सारवून शिमग्याची तयारी लागली होती, म्हणून मी खाली उभी होते. शिमगा लागला की माझी जागा तीच. पालखी येते, सवाष्णी ओटी भरतात, मी खांबाजवळ.

मी सांगितलं, "इथे सावली आहे."

तू ऐकलंस. सूर्य मावळला होता हेही तुला दिसत होतं. तू काही बोलली नाहीस. समन्वयक.

आई


१८ मार्च

चि. प्रियदर्शिनीस,

तू तिथे होतीस, स्क्रीनवर, तरी मी सगळं माझ्या बाजूनं लिहिते. तुला माझी बाजू कधी कळतच नाही.

पालखी सहाणेवर बसली. भिकाजींनी गाऱ्हाणं घातलं, मुंबईकरांचे नवस बोलून झाले. मग एर्मेलिंदानं हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा. तिला देवीला काही मागायचं होतं. मी भिकाजींना विचारलं. मनात म्हटलं, नाही म्हणतील आणि सुटेन. तर ते म्हणाले, "का नाय? आई सगळ्यांची हाय. बोलू दे तिला."

ती बोलायला लागली आणि तिचा आवाज बदलला. त्यांच्या डोंगरावर दर उन्हाळ्यात वणवा येतो. शेजारचं गाव एकदा गेलं. उन्हाळा लागला की तिला झोप येत नाही. बूट घालूनच पडते. मास्तरीण वाक्यावाक्यानं इंग्रजी करत होती आणि मी वाक्यावाक्यानं मराठी, माझ्या सवयीनं, साहेबांचं घ्यायचे तसं, मध्ये स्वतःला न घालता. ढोलवाले थांबले होते. म्हणून माझा आवाज सगळ्या वाडीला ऐकू गेला: "आई सोमजाई, या उन्हाळ्यात माझ्या गावाला आग लागू देऊ नकोस. पुढच्या शिमग्याला तुझी ओटी भरीन."

आणि पालखी हलली. तू म्हणशील, दांडीला टेकलेल्या खांदेकऱ्यांनी हलवली. मीही तेच म्हणते. पण हलली.

भिकाजींचा चेहरा मला आधी कळलाच नाही. मग कुशाबा हळूच म्हणाला, "वैनीनं नवस केला." मी म्हटलं, "मी कुठला केला? त्या बाईनं केला, मी फक्त सांगितलं." "तोंड कुणाचं व्हतं?" तो म्हणाला. "आईनं तुमचा आवाज ऐकला. तिला ती कॅम्पूटरवाली काय ठाऊक?"

इथला नियम तुलाही ठाऊक आहे. ज्याच्या तोंडून नवस निघाला, त्यानंच फेडायचा. आणि नवस अंगावर असताना चूल गावाबाहेर न्यायची नाही. मुंबईकरांचं अडत नाही, त्यांच्या चुली इथे म्हातारे पेटत्या ठेवतात. माझी चूल माझ्याबरोबरच जाणार.

थोडक्यात, मी ओटी भरायला बांधलेली आहे, आणि ओटी भरायला मला मनाई आहे. मानकरी रात्री उशिरापर्यंत बसले होते. काही ठरलं नाही. फक्त एक ठरलं. भिकाजी दारात येऊन, चपला काढून, अगदी आदरानं म्हणाले, "वैनी, आता पाचगणीचं राहू द्या."

आई


१२ एप्रिल

चि. प्रियदर्शिनीस,

मी गेले होते. म्हणजे निघाले होते.

सुनीलला जीप सांगितली. आला वेळेवर. ट्रंक पाहून डोकं खाजवत म्हणाला, "काकी, तुम्हाला नेतो. कुठं म्हणाल तिथं. पण सामान नाय घेणार." मी म्हटलं, सामान काय चावतं? म्हणाला, "सामानात स्टोव्ह हाय." मी म्हटलं, स्टोव्ह ठेवते. म्हणाला, "तरी मला ठाऊक हाय ना, तुम्ही परत येणार नाय ते."

मी त्याला बरंच बोलले. कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेलं नाही असंही बोलले. तो ऐकत राहिला, मग ट्रंक स्वतः उचलून घरात ठेवून आला आणि म्हणाला, चहा करता का. केला. काय करणार?

एसटीनं जाता आलं असतं. कुणी हात धरला नव्हता. हे मी प्रामाणिकपणे लिहिते, कारण तू नेमकं हेच म्हणशील. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन रस्त्यावर जाऊन उभीसुद्धा राहिले. तेवढ्यात सारिका सहाणेवरून धावत आली. तिचा नवरा बिरवाडीला कारखान्यात असतो, मला वाटलं त्याला काही झालं. तर हातात फोन. मास्तरणीचा निरोप होता, माझ्या नावानं. 'एर्मेलिंदा तुम्हाला सांगायला सांगते, की आता तिला झोप लागते. रात्री बूट काढून ठेवते.'

एसटी आली, थांबली, कंडक्टरनं "चला आजी" म्हटलं आणि गेली.

माझा सोमजाईवर विश्वास नाही, येशूवरही फारसा कधी बसला नाही, सिस्टरनी कितीही पट्ट्या मारल्या तरी. पण मी पाचगणीच्या खिडकीत बसले आणि तिच्या गावाला काही झालं, तर इथला एकूण एक माणूस म्हणणार, शिकलेली बाई चूल हलवून गेली म्हणून झालं. आणि सारिका ते प्रेमानं, इमोजी लावून, तिला कळवेल. तुझ्या इंटरनेटनं एवढी सोय नक्कीच केली आहे.

सिस्टर म्हणतात, खोली दिवाळीपर्यंत धरून ठेवू.

आणखी एक गोष्ट. भिकाजींनी नियमाचा उरलेला भाग सांगितला. गाव जळलं तर नवस सुटतो. मागितलेलं मिळालं नाही, तर फेडायचं काही उरत नाही. मग मी मोकळी. "पन असं कुणी मनात आणू नये," ते म्हणाले.

आणू नये, हे सांगितल्यावर माणूस काय करतं?

आई


२० ऑगस्ट

प्रियदर्शिनी,

घाट दरडीनं बंद आहे, तेव्हा हे पत्र कधी मिळेल माहीत नाही.

तू त्या गावात जाशील हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कॉल लागला आणि पाठीमागे केशरी आकाश, त्यापुढे तू, तोंडाला फडकं बांधलेली. आणि तू म्हणालीस, "आई, धूर खूप आहे." इतक्या दिवसांनी आई म्हणालीस, तेही वणव्यात उभी राहून. तुझ्या वेळेच्या निवडीबद्दल मी नंतर बोलेन.

इथे धो धो पाऊस. सहाणेवर ताडपत्री बांधून सगळी वाडी बसलेली होती. आदल्या आठवड्यापासून हेच चाललं होतं. सारिका फोनवर वणव्याचा नकाशा लावायची, तांबडे ठिपके, आणि माणसं शेतावरून परस्पर तिथे यायची, पाय चिखलानं भरलेले. "म्हातारीच्या गावापासून कितीवर हाय?" त्या गावाचं नाव कुणाला उच्चारता येत नाही, म्हणून म्हातारीचं गाव. चंद्राबाई रोज विचारायची, "तिची शेरडं सोडली का गो?" भिकाजींनी भर श्रावणात देवळात गाऱ्हाणं घातलं. मी विचारलं, कुणासाठी? रागावून म्हणाले, "आता हे पन विचारता?"

मी त्या आठवड्यात काय मागितलं, ते तू विचारू नकोस. ठिपके जवळ सरकत होते आणि पाचगणीची खोली अजून रिकामी होती, एवढंच लिहिते.

तर तू म्हणालीस, सगळं गाव व्हॅनमध्ये बसलं, ती बसत नाही. दारात खुर्ची टाकून बसली आहे. म्हणते, माझं गाव जळणार नाही, भारतातल्या देवीकडे माझा शब्द आहे. मास्तरीण रडत होती. पोलीस दुसऱ्या गल्लीत गेले होते. आणि तू तिच्यापाशी उभी होतीस, म्हणजे ती हलेपर्यंत तूही हलणार नव्हतीस. तुझा हट्ट मला ठाऊक आहे. माझ्याच घरात वाढलाय.

फोन तिच्यासमोर धरायला मी सांगितलं. ती मला पाहून हसली.

मी म्हटलं, "नवस गावासाठी होता. तुझ्यासाठी नव्हता. देवी म्हणते, दगड मी सांभाळीन, माणसांनी आपापले पाय वापरावे. ऊठ आणि त्या गाडीत बस."

मास्तरणीनं भाषांतर केलं. एर्मेलिंदानं मला विचारलं, "देवी असं म्हणाली?"

मी म्हटलं, "आत्ताच. माझ्या तोंडून."

ती उठली. बूट घालायला तिला फार वेळ लागला. मग तुमचा फोन बंद झाला.

इकडे सारिकानं विचारलं, "काकी, काय बोललात?" मी मराठीत सांगितलं, जसंच्या तसं. ज्या बाईला पालखीजवळ उभं राहता येत नाही, तिनं देवीच्या नावानं परदेशात हुकूम सोडला होता. मी भिकाजींकडे पाहिलं. म्हटलं, काय बोलायचंय ते बोला. ते पावसाकडे बघत म्हणाले, "बरोबर बोललात. आई तसंच बोलली असती."

रात्री राहीबाई माझ्या घरी झोपायला आली. मी बोलावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तुझा सुखरूप असल्याचा निरोप येईपर्यंत ती गेली नाही, आणि एकदाही 'काळजी करू नका' म्हणाली नाही. तेवढ्यासाठी तिचे उपकार.

आई


९ नोव्हेंबर

प्रिय प्रियदर्शिनी,

वाऱ्याची दिशा बदलली आणि आग वरच्या पाइनच्या रानातच अडकली, हे तू लांबलचक लिहिलंस. पहिलंच तुझं पत्र, कागदावर, शाईनं. अक्षर बिघडलंय. तू कारणही दिलं आहेस, आर्द्रता, अग्निशामक विमान. मी ते सगळं सहाणेवर वाचून दाखवलं. कुशाबानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे आईनंच वारा फिरवला." पुढे मी वाद घातला नाही.

तिकडे आता पाऊस लागला, डोंगर हिरवा होतोय. एर्मेलिंदाची शेरडं परत आली, एक सोडून. चंद्राबाई त्या एकासाठी अजून हळहळते.

पाचगणीची खोली गेली. मी स्वतः कळवलं.

काल मानकरी घरी आले. चौघेजण, धुतलेल्या टोप्या घालून, ओळीत बसले. मला वाटलं, ऑगस्टनंतर काहीतरी शहाणपण सुचलं असेल. सुचलंही होतं, त्यांच्या परीनं. भिकाजींनी अगदी हळुवार सांगितलं, "वैनी, आम्ही तोड काढली. आईचा नवस लेक फेडू शकते. प्रियाला बोलवा. ती सवाशीण हाय. तिनं ओटी भरली की तुमची मान मोकळी. मग खुशाल जा पाचगणीला. सुनील सामान बी नेईल."

मी विचारलं, "तिचं लग्न तुम्हाला कधीपासून मान्य झालं?"

"झालं ते झालं," हैबती म्हणाला. "कुंकवाचा धनी हाय ना जिता? मग झालं तर."

म्हणजे बघ. तुझा नवरा कोण, कुठल्या देवाचा, याच्याशी आता कुणाला घेणं नाही. तो जिवंत आहे एवढं पुरे. त्याच्या जिवंतपणावर तू चौथरा चढणार, आणि तुझ्या बाबांच्या जाण्यावर मी खांबाजवळ. तोंड माझं चाललं. आवाज माझा चालला. तिकडे बाई खुर्चीतून उठवायला देवीला माझीच जीभ मिळाली. हात तेवढे चालत नाहीत.

ते वाईट नाहीत गं. वाईट असते तर सोपं होतं. निघताना भिकाजींनी ओवाळणीसारखा एक भोपळा ठेवला ओट्यावर, स्वतःच्या परसातला.

सारिकाकडून तुला हे कळेलच, आणि तू तिकीट काढशील. म्हणून घाईनं लिहिते. तू येऊ नकोस. तू ओटी भरलीस तर मी सुटेन असं ते म्हणतात. खोटं आहे. तू ओटी भरलीस तर ते सुटतील.

शिमग्याला मी खण, नारळ, तांदूळ घेऊन पालखीसमोर जाऊन उभी राहणार आहे. सारिकाला सांगितलंय, कॉल चालू ठेव. तिनं नुसतं "बरं" म्हटलं आणि मग म्हणाली, "काकी, पदर डोक्यावरून घ्या, कॅमेऱ्यात बरा दिसतो." एर्मेलिंदा बघत असेल. तिचा नवस आहे, तिला बघायचा हक्क आहे. त्यांनी ओटी घेतली तर घेतली. नाही घेतली, तर एका म्हाताऱ्या बाईला हातातल्या नारळासकट बाजूला करावं लागेल, आणि तसं का केलं हे एर्मेलिंदा विचारेल तेव्हा ते मलाच इंग्रजीत सांगावं लागेल. या वेळी मी सावलीचं कारण देणार नाही.

काय होईल मला माहीत नाही. भीती वाटते. हे फक्त तुला.

तुला यायचंच असेल तर शिमगा उरकल्यावर ये. नवऱ्याला घेऊन ये. कुणाचं काही फेडायला नको, नुसती ये. आधी कळवायची गरज नाही. मी घरीच असेन. कुठे जाणार?

आई